संकटात देवावर भरवसा ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी बायकांची प्रार्थना असते. तिथे, दवाखान्याच्या बाकावर, कबरस्थानातून परतताना आणि रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. मी पाळक (चर्चमधली धर्मगुरू) नाही, शाळेत शिकवत होते. आमचे हे साडेतीन वर्षं डायलिसिसवर होते आणि मग गेले. यातले निम्मे प्रश्न कधीकाळी मीच कुणाला तरी विचारलेले आहेत.

बायबलमधल्या शास्त्रभागांचे संदर्भ (पुस्तक, अध्याय:वचन) दिले आहेत, ते स्वतः उघडून वाचा. आणि जगणंच नकोसं झालं असेल तर बाकीचं राहू द्या, आधी प्रश्न १२ वाचा.

१. देवावर भरवसा ठेवा असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

भरवसा म्हणजे मनात शंका येऊ न देणं आणि चारचौघांत डोळ्यांतून पाणी न काढणं, असं आपल्याकडे धरून चालतात. शास्त्रात तसं नाही. तिथे शब्द आहेत ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ (स्तोत्र ५५:२२). हे एकच वचन आपण कॅलेंडरवर वाचतो, पण पूर्ण स्तोत्र वाचून पाहा. लिहिणारा थरथर कापतोय, जिवलग मित्राने दगा दिलाय, पारव्यासारखे पंख असते तर उडून गेलो असतो म्हणतोय. भार टाका असं सांगणारा माणूस स्वतः ओझ्याखाली वाकलेला आहे.

डोक्यावरची पाटी जड झाली की बाई वाटेवरच्या माणसाला म्हणते, ‘जरा हात लाव रे, उतरवायचीय.’ तिने पाटी जड नाही असं दाखवलं तर हात कोण लावणार? जे खरं आहे ते देवाला सांगायचं आणि आजचं काम आज करायचं, यापलीकडे मला भरवशाची मोठी व्याख्या सापडलेली नाही.

२. देव प्रेमळ आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग माझ्यावरच हे का?

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून दुःखी माणसाला जरा लांब ठेवावं असं माझं मत झालं आहे. ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर गळवं आली. शेवटी देव वादळातून बोलतो तेव्हासुद्धा ‘का’ याचं उत्तर देत नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते वाचकाला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. मात्र देव त्याच्याशी बोलायला येतो, आणि ईयोबाला तेवढं पुरतं. मला ते पुरायला बराच वेळ लागला.

ख्रिस्ती माणसाच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. आपण ज्याची उपासना करतो तो दुःखाबाहेर उभा राहून समजावत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हा प्याला टळून जावो अशी तीनदा प्रार्थना केली (मत्तय २६:३९-४४). प्याला टळला नाही.

३. माझ्या हातून काही पाप घडलं, त्याची ही शिक्षा आहे का? की आईवडिलांच्या पापाची?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा आजारी मुलांच्या आया विचारतात. शिष्यांनीही हाच विचारला होता. जन्मांध माणसाला पाहून ते म्हणाले, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं (योहान ९:१-३). शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं ठार झाली, तेव्हा ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून ‘नाही’ हे उत्तरही प्रभूनेच दिलं (लूक १३:४-५).

काही दुःखं आपल्या वागण्यातून येतात हे खरं आहे. दारूने यकृत खराब होतं, खोटेपणाने घर मोडतं. तिथे पश्चात्तापाला जागा आहे, आणि क्षमेलाही. पण तुमच्या बाळाच्या हृदयाला जन्मतः छिद्र आहे ते तुम्ही कॉलेजात असताना केलेल्या चुकीमुळे, हे कुणीही, अगदी व्यासपीठावरून सांगितलं तरी, ऐकून घेऊ नका.

४. एवढी उपास-प्रार्थना झाली, तरी माणूस गेला. आमचा विश्वास कमी पडला का?

आमच्या घरी दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी एक बाई भेटायला आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘तुम्ही मनापासून मागितलं असतं तर भाऊ वाचले असते.’ मी कप उचलून आत नेला आणि मोरीत बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. म्हणून याचं उत्तर जरा विस्ताराने देते.

प्रेषित पौलाच्या शरीरात एक काटा होता. तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे (२ करिंथ १२:७-९). काटा तसाच राहिला. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). जिथे प्रेषितांच्या प्रार्थनेनंतरही माणसं आजारी राहिली, तिथे आपल्या प्रार्थनेला मोजपट्टी कुणी लावायची?

प्रभूने बरं केलेल्यांतही विश्वास सारखा नव्हता. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप मुलाला घेऊन येतो. त्याच्या तोंडी विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात आहे: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. तेवढ्यावर मुलगा बरा झाला. देव आपल्या विश्वासाचं वजन करून त्या मापाने आरोग्य देतो, हा हिशेब शास्त्रातला नाही.

५. देवाचा फार राग येतो. तसं तोंडावर बोलले तर पाप लागेल का?

स्तोत्र १३ उघडा. पहिल्या दोन ओळींतच चार वेळा ‘कोठवर’ आहे. दीडशे स्तोत्रांतला जवळपास तिसरा हिस्सा अशा गाऱ्हाण्यांचा आहे, आणि ती मंदिरात मोठ्याने गायची गीतं होती. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरी ते शास्त्रात आहे. मरीया आणि मार्था दोघींनी प्रभूला तोंडावर सुनावलं की तुम्ही इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. प्रभू त्यांच्यावर रागावला नाही. तो रडला (योहान ११).

ईयोबाच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन लांबलचक भाषणं केली, ईयोबाने देवाला जाब विचारला. शेवटी देव म्हणाला की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, त्याचे मित्र नव्हे (ईयोब ४२:७).

राग देवाला सांगा. देवाविषयी पाठीमागे कुढत बसलं की तो राग सुनेवर, मुलांवर निघतो. ते मी स्वतः केलेलं आहे.

६. प्रार्थनेला बसते, पण शब्दच फुटत नाही. काय करू?

काही करू नका, बसा. आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं पौल लिहितो (रोम ८:२६).

फार तर दुसऱ्याचे शब्द उसने घ्या. रोज एक स्तोत्र हलक्या आवाजात वाचा. वसईकडच्या माझ्या एका मैत्रिणीने नवरा गेल्यानंतर वर्षभर फक्त रोझरी (जपमाळेची प्रार्थना) धरली, शब्द पाठ होते म्हणून. आमच्याकडे प्रॉटेस्टंट घरांत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढंच चाललं तरी चालतं. रविवारी उपासनेत गाता येत नसेल तर नुसतं उभं राहा, शेजारची बाई गात असते.

७. औषध घेणं, ऑपरेशन करून घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं का?

नाही. गोळ्या बंद करून कुणाला ‘पूर्ण विश्वासावर’ ठेवत असतील तर आजच थांबवा. रक्तदाब, साखर, फिट्स, मनाचे आजार यांची औषधं एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो.

यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं (यशया ३८:२१). लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). आपल्याच महाराष्ट्रात मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना उघडला, तो ख्रिस्ती सेवा म्हणूनच.

आमच्या ह्यांच्या डाव्या मनगटावर डायलिसिससाठी फिस्टुला केला होता, म्हणजे धमनी आणि शीर जोडली होती. तो चालू असला की कातडीखाली मांजर गुरगुरावं तशी घरघर बोटाला लागते. सकाळी उठल्यावर आधी तिथे बोट ठेवून घरघर लागते का बघायचं, मग प्रार्थना. या क्रमात मला कधी काही चुकीचं वाटलं नाही.

८. कुणी गेलं की लोक रोम ८:२८ आणि यिर्मया २९:११ पाठवतात. धीर येण्याऐवजी चीड येते. माझंच चुकतंय का?

तुमचं चुकत नाही. वचनं खरी आहेत, पण ती निम्मी पाठवली जातात.

देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) पकडून नेलेल्या लोकांना पत्रात लिहिलं. त्याच पत्रात एक ओळ वर लिहिलंय की सत्तर वर्षं भरल्यावर परत आणीन. पत्र हातात घेणाऱ्यांतले बहुतेक बाबेलातच मरणार होते. त्यांना देवाने काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. पुढच्या महिन्यात सगळं सुरळीत होईल असं ते वचन कधीच म्हणत नाही.

‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ याचंही तसंच. पौल आधी सगळी सृष्टी कण्हते म्हणतो, पुढे छळ, उपासमार, तलवार यांची यादी देतो. प्रत्येक गोष्ट चांगली असते असं त्याचं म्हणणं नाही. अपघात वाईटच असतो. त्या वाईटातूनही देव आपल्याला सोडत नाही, असं तो म्हणतो. कबरीवरची माती ओली असताना हे वचन पाठवू नका. सहा महिन्यांनी, सोबत बसून वाचा.

९. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असं आहे. मुलगा गेला त्याबद्दल आभार मानू?

१ थेस्सल ५:१८ मध्ये सर्व स्थितीत असं आहे, सर्व स्थितीबद्दल असं नाही. मुलगा गेल्याबद्दल नको. तो एकोणीस वर्षं तुमच्या घरात होता, त्याबद्दल. तेही जमेल तेव्हा. इफिस ५:२० मध्ये ‘सर्व गोष्टींबद्दल’ असा शब्द येतो, हे मला माहीत आहे. पण मरीया-मार्थाचा भाऊ लाजार याच्या कबरेशी रडणाऱ्या प्रभूने मरणाचे आभार मानले नाहीत, त्यामुळे त्या वचनाचा अर्थ तेवढा ताणू नये, असं मला वाटतं.

१०. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून घरात आजारपण आलं, असं नातेवाईक म्हणतात. त्यांना काय सांगू?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. दुष्काळात वडील, आई, मोठी बहीण एकामागोमाग गेले. १८८० साली भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती तोच १८८२ साली पती गेले, पदरात लहानगी मनोरमा. हे सगळं त्यांच्या बाप्तिस्म्याआधीचं. बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो मुली-बायांना त्यांनी आसरा दिला, आणि १९२१ साली हाताशी आलेली मनोरमाही गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. दुःख बाप्तिस्म्याआधी होतं, नंतरही होतं. धर्मांतर संकट आणतंही नाही आणि विम्यासारखं टाळतही नाही.

नातेवाइकांशी वाद मात्र घालू नका. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली काही वर्षं ताटातुटीची, माणसांच्या बोलण्याची गेली. त्या घराने ती सोसली, आणि दार बंद केलं नाही. सासूबाई बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे भीती असते, नातवाची काळजी असते. त्यांना दवाखान्यात सोबत घेऊन जा.

११. नवरा मारतो. मंडळीतले म्हणतात सहन कर, हाच तुझा वधस्तंभ (क्रूस). हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. वधस्तंभ प्रभूसाठी आपणहून उचलायचा असतो. दुसऱ्याने पाठीवर मारलेला पट्टा म्हणजे वधस्तंभ नव्हे.

शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद भिंतीला टेकून उभा राहिला नाही, त्या रात्री पळाला (१ शमुवेल १९:१०). दिमिष्कात (दमास्कसमध्ये) शत्रू जिवावर उठले तेव्हा शिष्यांनी पौलाला पाटीत बसवून तटावरून खाली उतरवलं (प्रेषित ९:२५). दगड उचलले गेले तेव्हा प्रभू स्वतः तिथून निघून गेला, कारण त्याची वेळ आली नव्हती (योहान ८:५९). जीव वाचवणं अविश्वास नाही.

महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात. क्षमा करणं वेगळं आणि त्याच घरात परत जाऊन राहणं वेगळं. आणि पाळकसाहेब समेट घडवायला बसले तर मारणाऱ्यासमोर बोलायचा आग्रह त्यांनी करू नये, एवढं कुणीतरी त्यांना सांगा. मी सांगितलं आहे.

१२. जगावंसंच वाटत नाही. ख्रिस्ती असून असे विचार येतात, याची लाज वाटते.

लाजू नका, आणि आज एकटे राहू नका. घरातल्या कुणाला तरी हेच वाक्य मोठ्याने सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे. हाताशी काही घातक असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि ११२ ला फोन करा.

एलीया मोठा संदेष्टा होता. तो रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे (१ राजे १९). देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. तो झोपला. देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं. तो जेवला आणि परत झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून खायला लावलं, वाट लांबची आहे म्हणून. बोलणं फार नंतर झालं. जेवण, झोप, कुणाची तरी सोबत आणि मनोविकारतज्ज्ञाकडे एक फेरी, या क्रमाने जा. औषधाविषयी संकोच असेल तर प्रश्न ७ पाहा.

१३. ज्याने स्वतःच जीव दिला तो, किंवा बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ, देवाकडे असेल का?

निवाडा आपल्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो दयाळू आहे. मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही, असं रोम ८:३८-३९ म्हणतं. कॅथलिक मंडळीची शिकवणही आत्महत्या केलेल्यांविषयी निराश होऊ नका अशीच आहे, आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना ती देवाच्या दयेवर सोपवते. दावीदाचं बाळ सात दिवसांत गेलं, तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३). पुरायला जागा किंवा प्रार्थना नाकारणारे कुणी भेटले तर दुसऱ्या पाळकांकडे जा, असे पाळक आहेत.

१४. एका सभेत बरं होण्यासाठी ‘विश्वासाचं बीज’ म्हणून पैसे मागितले. द्यावे का?

देऊ नका. फुकट मिळालं, फुकट द्या, हे प्रभूचे शब्द आहेत (मत्तय १०:८). नामानाचं कोड बरं झाल्यावर अलीशा संदेष्ट्याने त्याची भेट नाकारली, आणि मागे धावत जाऊन ती घेणाऱ्या अलीशाच्या चाकराला, गेहजीला, तेच कोड चिकटलं (२ राजे ५). मंगळसूत्र काढून देणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. दैवी शक्तीच्या नावाने फसवून लुबाडणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

१५. दुःखाच्या घरी गेल्यावर काय बोलावं?

जवळपास काहीच नाही. ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस जमिनीवर त्याच्यासोबत गप्प बसले (ईयोब २:१३). तेवढे सात दिवस ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

कामं मात्र भरपूर असतात. मृत्यूच्या दाखल्याला कुणी जावं लागतं, बँकेत वारस नोंद लागते, गॅस संपलेला असतो, शाळेतून मुलांना आणायचं असतं. डबा नेलात तर परत न्यायची घाई नको. आणि चाळिसाव्या दिवसानंतर कुणी फिरकत नाही, तेव्हा जा. तेव्हाच खरी गरज असते.

१६. तुम्हाला स्वतःला कधी शंका आली नाही?

आली, अजून येते. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. ह्यांना दिवसाला एक लिटर, त्यात चहा आणि आमटीसुद्धा आली. मे महिन्यात आमच्या नगरकडे दुपारी पत्रे तापतात, आणि हे माणूस खुणा केलेल्या बाटलीकडे बघत बसायचं. त्यांच्या जिभेवर बर्फाचा खडा ठेवून मी देवाशी भांडायचे, की समुद्र दुभागणाऱ्या तुला एका माणसाला तांब्याभर पाणी देता येत नाही का?

एका संध्याकाळी मी नेहमीसारखं वाचायला बसले, क्रमाने आलं ते स्तोत्र ४२. हरिणी जशी पाण्यासाठी लुलपते. मी तिथेच अडखळले, मला ते त्यांच्यासमोर वाचवेना. ते म्हणाले, ‘लुलपते म्हणजे काय, ते मला आत्ता कळलं. इतकी वर्षं नुसतं गात होतो.’ बाटलीत त्या दिवसाचं दोन घोट पाणी उरलं होतं. ते त्यांनी सावकाश प्यायलं, बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, ‘वाच पुढे.’